सार्वजनिक खरेदी पद्धती व तिची सुधारणा

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या कामकाजासाठी आणि नागरिकांना सेवा पुरविण्यासाठी सार्वजनिक निधीतून वस्तू, बांधकामे व सेवा मिळविण्याची जी नियमबद्ध व्यवस्था असते, तिला सार्वजनिक खरेदी पद्धती असे म्हणतात. रुग्णालयातील औषधे, शाळेतील बाके, पाण्याच्या नळवाहिन्या, रस्त्यांचे डांबरीकरण, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, सल्लागार अभियंत्यांची नेमणूक अशा नानाविध बाबी तिच्या कक्षेत येतात. जगातील एकूण उत्पन्नाच्या सु. १२ टक्के रक्कम अशा खरेदीवर खर्च होते, असा जागतिक बँकेच्या अभ्यासकांचा २०१८ सालाविषयीचा अंदाज आहे. विकसनशील देशांत शासन हाच बहुधा सर्वांत मोठा ग्राहक असतो. त्यामुळे तेथे खरेदीतील दोषांचा भार करदात्यापेक्षाही सार्वजनिक सेवांवाचून ज्याचे चालत नाही अशा सामान्य माणसावर अधिक पडतो.

स्वरूप व उद्दिष्टे : खाजगी ग्राहक स्वतःच्या पैशाने व स्वतःच्या पसंतीने खरेदी करतो. सार्वजनिक खरेदीत पैसा एकाचा, निर्णय दुसऱ्याचा व उपभोग तिसऱ्याचा असतो. या विभागणीमुळेच नियमांची गरज निर्माण होते. पैशाचे पुरेपूर मोल मिळणे, सर्व पात्र पुरवठादारांना समान संधी, व्यवहारातील पारदर्शकता, वेळेवर पुरवठा आणि निर्णयाची जबाबदारी निश्चित करता येणे ही या पद्धतीची मुख्य उद्दिष्टे होत. त्यांखेरीज लघुउद्योग, महिला बचत गट, मागासवर्गीय उद्योजक व देशी उत्पादन यांना उत्तेजन देण्याचे साधन म्हणूनही तिचा उपयोग केला जातो. या उद्दिष्टांत परस्परविरोध संभवतो. सर्वांत कमी दर व सर्वोत्तम दर्जा, कडक छाननी व शीघ्र निर्णय, खुली स्पर्धा व दुर्बलांना प्राधान्य यांची सांगड घालणे, हा खरेदी सुधारणेचा गाभा होय.

खरेदीची प्रक्रिया सामान्यतः पुढील टप्प्यांनी होते : गरजेची निश्चिती, अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदासूचना, निविदांची स्वीकृती व उघडणी, तांत्रिक व वित्तीय छाननी, तुलनात्मक तक्ता, सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी, कार्यादेश, मालाची तपासणी अथवा कामाचे मोजमाप, देयकाची अदायगी आणि लेखापरीक्षण. लोकांचे लक्ष प्रायः निविदा उघडण्याच्या क्षणावर खिळलेले असते. परंतु अनेक गैरप्रकार त्याआधी, म्हणजे अटी लिहिताना, किंवा त्यानंतर, म्हणजे मोजमाप व देयकाच्या वेळी घडतात.

ऐतिहासिक आढावा : राज्यसंस्थेइतकीच सार्वजनिक खरेदीही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारांची व्यवस्था व अधिकाऱ्यांकडून होणाऱ्या अपहाराचे प्रकार यांचे तपशीलवार विवेचन आहे. मराठी राज्याच्या संदर्भात रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्राचा उल्लेख करावा लागेल. आरमारासाठी लाकूड मिळविताना रयतेची आंबा-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत आणि जीर्ण झाड घेणे झाल्यास ते धन्याच्या संमतीने व मोबदला देऊन घ्यावे, असा त्यातील निर्देशांचा आशय आहे. राज्याची गरज कितीही निकडीची असली, तरी पुरवठा करणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो, हे तत्त्व त्यात दिसून येते.

ब्रिटिश अमदानीत भारत सरकारला लागणाऱ्या मालाची बरीचशी खरेदी लंडनमार्फत होई. त्यामुळे देशी उद्योगांना शासकीय मागणीचा आधार मिळत नसे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नेमलेल्या औद्योगिक आयोगाने या प्रश्नाकडे लक्ष वेधले व १९२२ मध्ये ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ची स्थापना झाली. स्वातंत्र्योत्तर काळात पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ही केंद्र शासनाची मध्यवर्ती खरेदी यंत्रणा होती. ती ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आली. आफ्रिका व आशियातील इतर अनेक माजी वसाहतींतही मध्यवर्ती निविदा मंडळे व साम्राज्यशाहीच्या काळातील वित्तीय नियमावल्या दीर्घकाळ चालू राहिल्या. त्यांचा रोख खर्चावरील नियंत्रणावर होता. स्पर्धा, दर्जा अथवा नागरिकांची गरज यांना त्यांत दुय्यम स्थान होते.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : १९९० नंतर खरेदी सुधारणेस वेग आला. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९९४ मध्ये आदर्श कायदा प्रसिद्ध केला व २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. फिलिपीन्स व युगांडा (२००३), बांगला देश (२००६) इ. देशांनी खरेदीविषयक सर्वंकष कायदे केले. चिलीने २००३ च्या कायद्याने बहुतेक शासकीय खरेदी एका सार्वजनिक संगणकीय व्यासपीठावर आणली, तर दक्षिण कोरियाने २००२ मध्ये अशीच राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. जागतिक बँकेनेही २०१६ पासून आपल्या कर्जाऊ प्रकल्पांत केवळ किमान दराऐवजी पैशाच्या एकूण मोलावर भर देणारी नवी चौकट स्वीकारली.

जागतिक व्यापार संघटनेच्या शासकीय खरेदीविषयक कराराचा भारत सदस्य नाही. २०१० पासून तो निरीक्षक आहे. देशी उद्योगांना प्राधान्य देण्याचा अधिकार राखून ठेवणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय. मात्र संयुक्त अरब अमिरातींशी २०२२ मध्ये झालेल्या करारापासून भारताने काही द्विपक्षीय करारांत या विषयास मर्यादित स्थान दिले आहे.

भारतातील विधिव्यवस्था : भारतात सार्वजनिक खरेदीसाठी सर्वंकष केंद्रीय अधिनियम नाही. केंद्र शासनाची खरेदी सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार होते. हे नियम प्रथम १९४७ मध्ये एकत्रित करण्यात आले आणि १९६३, २००५ व २०१७ मध्ये त्यांत व्यापक सुधारणा झाल्या. १४ मे २०१२ रोजी लोकसभेत मांडलेले सार्वजनिक खरेदी विधेयक २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. काही राज्यांनी मात्र स्वतःचे कायदे केले. तमिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९) व राजस्थान (२०१२) ही त्यांपैकी प्रमुख होत. महाराष्ट्रातील व्यवस्था मुख्यतः शासननिर्णय, सार्वजनिक बांधकाम विभागाची नियमपुस्तिका व स्थानिक संस्थांचे अधिनियम यांवर आधारलेली आहे.

कायद्याची उणीव न्यायालयीन निर्णयांनी काही अंशी भरून काढली. यांतील एक महत्त्वाचा निर्णय मुंबई विमानतळावरील एका साध्या उपाहारगृहाच्या कंत्राटातून उद्भवला. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या प्रकरणात निविदासूचनेत नोंदणीकृत द्वितीय श्रेणीच्या उपाहारगृहचालकाच्या पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. परंतु ती पूर्ण न करणाऱ्यास कंत्राट देण्यात आले. शासनाने स्वतः जाहीर केलेल्या निकषांपासून मनमानीपणे दूर जाणे समतेच्या घटनात्मक हक्काशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तत्त्व असे प्रस्थापित झाले, तरी विलंब व अन्य कारणांमुळे अर्जदाराला प्रत्यक्ष दिलासा मिळाला नाही. पुढे टाटा सेल्युलर (१९९४) प्रकरणात न्यायालय निर्णयप्रक्रिया तपासेल, स्वतःचा व्यापारी निर्णय शासनावर लादणार नाही, अशी मर्यादा आखण्यात आली. या दोन निर्णयांच्या दरम्यान निविदाविषयक न्यायालयीन वादांचा प्रवास होत असतो.

महाराष्ट्रातील अनुभव : किमान दराच्या तत्त्वाला दर्जाच्या तपासणीची जोड नसल्यास काय घडते, याचे विदारक उदाहरण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी घडले. रुग्णांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते व त्यामुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयातील खरेदी व अन्न व औषध प्रशासनाचे नियंत्रण या दोहोंतील गंभीर दोषांवर बोट ठेवले. कागदोपत्री निविदा, दर व पुरवठा यांची साखळी पूर्ण असूनही बाटलीतील द्रव्य काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणी पार पाडली नव्हती.

औषधखरेदीत तमिळनाडूने वेगळा मार्ग चोखाळला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने मर्यादित अत्यावश्यक औषधांची यादी, एकत्रित निविदा, जिल्हावार गोदामे, स्वतंत्र प्रयोगशाळांतून नमुन्यांची तपासणी व वेळेवर देयके यांवर भर दिला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये आरोग्य संस्थांसाठीची एकत्रित खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविली. तथापि पुरवठ्यातील विलंबाविषयी तक्रारी येत राहिल्या. २०२३ च्या अधिनियमाने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा औषधांच्या उपलब्धतेचा प्रश्न ऐरणीवर आला. रुग्णालय प्रशासनाने तुटवडा असल्याचे नाकारले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याकडेही लक्ष वेधले. नवी संस्था निर्माण करणे आणि ती कार्यक्षम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

कार्यालयीन वस्तूंच्या बाबतीत राज्यात दरकरार पद्धती प्रचलित होती. या पद्धतीत एका ठराविक मुदतीसाठी दर निश्चित केले जात व विभाग त्या दराने थेट मागणी नोंदवीत. तिच्या आधारे महिला व बालविकास विभागाने २०१५ मध्ये निविदा न काढता केलेल्या सु. २०६ कोटी रुपयांच्या खरेदीवरून मोठा वाद झाला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीत मंत्र्यांविरुद्ध आरोप सिद्ध झाले नाहीत. परंतु पद्धतीच्या फेरविचाराची गरज अधोरेखित झाली. उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी नवी खरेदी नियमपुस्तिका लागू केली. तीत तीन लाख रुपयांवरील खरेदीसाठी ई-निविदा आवश्यक मानण्यात आली. अशा रकमांच्या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू केलेली व ‘जेम’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी शासकीय ई-बाजारपेठही राज्याने २०१७ मध्ये स्वीकारली. २०२४-२५ या वर्षात देशभरात तिच्याद्वारे पाच लाख कोटी रुपयांहून अधिक मूल्याचे व्यवहार झाले.

सामाजिक उद्दिष्टांचा प्रश्न अंगणवाडीतील पोषण आहाराच्या बाबतीत तीव्रतेने पुढे आला. या कामी कंत्राटदार नेमू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश होता. असे असता निविदेतील उलाढाल वा यंत्रसामग्रीच्या मोठ्या अटींमुळे गावपातळीवरील महिला बचत गट आपोआप बाहेर पडतात. महाराष्ट्रातील अशा एका निविदाप्रक्रियेतील अटी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवून नव्याने निविदा मागविण्यास सांगितले. अटी सर्वांना समान असल्या, तरी त्यांचा परिणाम समान असतोच असे नाही, हे या वादाचे सार होय.

स्थानिक पातळी : वसई-विरारचे उदाहरण : सार्वजनिक खरेदीचा नागरिकाशी सर्वांत निकटचा संबंध नगरपालिका व महानगरपालिका यांच्या पातळीवर येतो. पालघर जिल्ह्यातील वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि लगतची गावे यांची मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्यापूर्वी माणिकपूरमधील गटार वा रस्त्याचे काम तेथील नगरपरिषदेच्या सभेत मंजूर होई. त्यानंतर ते मोठ्या महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा व निविदांचा भाग बनले. एकत्रित खरेदीमुळे दरात बचत व तांत्रिक कौशल्य मिळू शकते. उलट लहान कंत्राटदाराचा शिरकाव व नागरिकाची प्रत्यक्ष नजर ही दोन्ही कमी होण्याचा संभव असतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार विहित रकमेवरील कंत्राटांसाठी आयुक्तांनी वृत्तपत्रांतून निविदा मागविणे व स्थायी समितीची मंजुरी घेणे अपेक्षित असते. आकस्मिक संकटात तातडीची कार्यवाही करण्याचे अधिकार कलम ६७ अन्वये आयुक्तांस आहेत. प्रस्ताव मांडणारा एक व मंजुरी देणारा दुसरा, ही या रचनेतील मूळ सुरक्षितता होय. वसई-विरार महानगरपालिकेच्या निर्वाचित सदस्यांची मुदत जून २०२० मध्ये संपल्यानंतर पुढील काही वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. राज्यातील इतर अनेक महानगरपालिकांचीही हीच स्थिती होती. अशा काळात प्रस्ताव व मंजुरी हे दोन्ही अधिकार एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटतात. निर्णय लवकर होतात; परंतु सभेतील प्रश्नोत्तरे व विरोधी मत यांना जागा उरत नाही. म्हणून या काळात निविदा, कार्यादेश व देयके स्वयंप्रेरणेने प्रसिद्ध करण्याचे महत्त्व अधिकच वाढते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ मध्ये यासाठी आधार उपलब्ध आहे.

खरेदीच्या वेळापत्रकाचे महत्त्वही येथे चांगले दिसते. वसईच्या सखल भागात जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत दिवसचे दिवस पाणी तुंबून राहिले व वीजपुरवठा खंडित झाला. त्यानंतर महानगरपालिकेने राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. पूरनियंत्रणाचे उपाय अनेक असले, तरी नालेसफाईसारखे काम जूनपूर्वी पुरे व्हावयाचे असेल, तर त्याची निविदा हिवाळ्यातच निघावयास हवी. विलंबाने निघालेली निविदा नियमानुसार निर्दोष असूनही निरुपयोगी ठरते, आणि मग निकडीच्या नावाखाली स्पर्धेविना काम देण्याची वाट मोकळी होते.

पाणीपुरवठ्यासारखे मोठे प्रकल्प स्थानिक संस्थेच्या कुवतीबाहेरचे असतात. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. तिची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी व २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. वसई-विरारला या योजनेचे पाणी २०२३ च्या अखेरीस मिळू लागले. याच प्राधिकरणाच्या ठाणे-घोडबंदर ते भाईंदर या बोगदा व उन्नत मार्गाच्या सु. १४,००० कोटी रुपयांच्या निविदांचा वाद मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तांत्रिक छाननीत अपात्र ठरविलेल्या कंपनीची बोली सु. ३,००० कोटी रुपयांनी कमी असल्याचे पुढे आल्यावर न्यायालयाने फेरनिविदेबाबत विचारणा केली आणि प्राधिकरणाने निविदा रद्द केल्या. अपात्रतेची कारणे वेळीच कळविणे व स्वतंत्र तक्रार निवारण यंत्रणा असणे, या गोष्टी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी टाळू शकतात.

प्रमुख दोष व त्यांवरील उपाय : (१) विशिष्ट पुरवठादारास अनुकूल अटी. निविदापूर्व बैठक, आक्षेपांना लेखी उत्तरे व नमुना निविदा दस्तऐवज हे यावरील उपाय होत. (२) कामाचे तुकडे पाडून ते मंजुरीच्या मर्यादेखाली आणणे. वार्षिक खरेदी आराखडा आधी प्रसिद्ध केल्यास हा प्रकार उघड होतो. (३) संगनमत. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांत काही संस्थांनी आपसांत ठरवून नामधारी बोली दाखल केल्याचे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ठरविले व माहिती देणाऱ्यांना दंडात सवलत दिली. या निविदा २०१३ व २०१४ मधील होत्या. संगणकीय पद्धती संगनमत थांबवीत नाही. मात्र त्याच्या खुणा मागे ठेवते. (४) अवास्तव कमी दर. अंदाजित खर्चापेक्षा फार कमी दराने काम मिळवून पुढे दर्जात तडजोड केली जाते. अतिरिक्त सुरक्षा अनामत व दोषदायित्वाचा काळ यांनी त्यास आळा घातला जातो. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांद्वारे विवक्षित कामांत दर्जालाही मर्यादित गुणांकन देण्यास मुभा दिली. (५) कंत्राट दिल्यानंतरची खर्चवाढ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष चौकशी पथकाने राज्यातील पाटबंधारे प्रकल्पांची तपासणी करून २०१४ मध्ये सादर केलेल्या अहवालात अशा वाढीच्या प्रश्नाची चर्चा आहे. (६) थकीत देयके. सूक्ष्म व लघु उद्योगांस जास्तीत जास्त ४५ दिवसांत रक्कम मिळावी, अशी २००६ च्या अधिनियमाची तरतूद असली, तरी प्रत्यक्षात विलंब होतो. महाराष्ट्रात २०२५ मध्ये कंत्राटदारांच्या संघटनांनी थकबाकीसाठी आंदोलने केली. पैसे केव्हा मिळतील याची शाश्वती नसेल, तर प्रामाणिक पुरवठादार निविदेपासून दूर राहतो किंवा विलंबाची किंमत दरात मिळवितो.

मूल्यमापन : विकसनशील देशांतील अनुभव पाहता केवळ कायदा, केवळ नवी संस्था किंवा केवळ संगणकीकरण यांपैकी कोणताही उपाय एकटा पुरेसा ठरत नाही. ई-निविदेमुळे निविदा अर्ज मिळण्यातील अडवणूक व पेटीभोवतीची दहशत कमी झाली. परंतु चुकीची गरज, फुगविलेले अंदाजपत्रक वा खोटे मोजमाप संगणकावरही तितकेच सुबकपणे नोंदविता येते. शिवाय नियम जसजसे वाढतात, तसतसा अधिकारी निर्णय टाळण्याकडे झुकतो. कमीत कमी दर स्वीकारणे त्याला सर्वांत सुरक्षित वाटते, मग त्या दराने आलेली वस्तू उपयोगाची असो वा नसो. म्हणून खरेदी हा कारकुनी कामाचा भाग न मानता प्रशिक्षित व्यावसायिकांचे क्षेत्र मानणे, सद्‌हेतूने घेतलेल्या सकारण निर्णयास संरक्षण देणे, मालाच्या व कामाच्या प्रत्यक्ष तपासणीस निविदेइतकेच महत्त्व देणे आणि सर्व टप्प्यांची माहिती नागरिकांना समजेल अशा भाषेत खुली करणे आवश्यक आहे. खरेदी पद्धतीची अंतिम कसोटी दप्तरातील तुलनात्मक तक्ता ही नसून योग्य औषध, टिकाऊ रस्ता व नळाचे पाणी ही वेळेवर व रास्त खर्चात लोकांपर्यंत पोहोचली की नाही, ही होय.